जुनी पिकअप गाडी : आधी ब्रेक, मग रंग



गेल्या काही हंगामांत आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ सभासदांच्या दारात जुनी पिकअप गाडी उभी राहिलेली दिसते. उसाच्या वाहतुकीला ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक व बैलगाड्या आहेतच. परंतु बेण्याच्या मोळ्या, रोपवाटिकेतील रोपांचे ट्रे, सोसायटीतून आणायची खताची पोती, आणि उसात आंतरपीक म्हणून घेतलेला कांदा, वांगी, टोमॅटो, हा सगळा माल दर खेपेला भाड्याच्या गाडीने न्यायचा म्हटले तर हाती काय उरते हे निराळे सांगायला नको. नवी गाडी घ्यावी तर हप्ता डोईजड. म्हणून माणूस जुनीकडे वळतो. आम्हीही वळलो. त्यात आम्ही काय चुकलो व पुढे काय शिकलो ते लिहून द्यावे असा संपादकांचा आग्रह झाला, सबब हा मजकूर.

आम्ही दोघे भाऊ. घरात त्याआधी चारचाकी कधीच नव्हती. 2023 साली ठिबकसाठी बाजूला ठेवलेले उसाच्या बिलाचे पैसे आणि वर थोडी उसनवारी, असे करून 2011 सालची एक पिकअप 2 लाख 60 हजारांना घेतली. गाडी चालू होती, इंजिनाचा आवाज गोड होता, दलालाने चहा पाजला. आमची तपासणी एवढीच! घरी आणल्यावर पहिले काम काय केले, तर रंग. हौद्याला लाल पट्टा, केबिनला नवे रेक्झिन, पुढे नाव, मागे हॉर्नची पाटी. 27 हजार त्यातच गेले. आमचे आबा ओट्यावर बसून सगळे बघत होते. ते एवढेच म्हणाले, ‘‘बैल घ्यायचा तर दात बघतासा, खूर बघतासा, औताला जुंपून बघतासा. हिची नुसती शिंगंच रंगवली व्हय रं?’’ आम्ही हसण्यावारी नेले.

त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात वांगी व टोमॅटोचे क्रेट भरून आम्ही चिपळूणला निघालो. कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, हेळवाक इथवर सारे ठीक. पुढे कुंभार्ली घाट सुरू झाला. गाडी धाकटे बंधू चालवीत होते. डिझेल वाचते म्हणून त्यांनी बरीचशी उतरण वरच्या गिअरमध्ये व मधून मधून न्यूट्रलमध्ये काढली, आणि वळणावळणाला ब्रेक. निम्मा घाट उतरलो असू नसू, बंधू म्हणाले, ‘‘दादा, पेडल खाली जातंय.’’ आम्हाला आधी कळेनाच. मग पाहिले तर पाय फळीला टेकलेला आणि गाडी चाललेलीच. त्यांनी दोनतीनदा पेडल हाणले, थोडा जोर आला, पुन्हा गेला. जळका वास केबिनमध्ये भरला होता. त्यांनी कसाबसा दुसरा गिअर घातला, मग पहिला. इंजिन किंचाळले, हँडब्रेक ओढला, आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावी चाके घालून गाडी दगडाला टेकवली. उजवीकडे दरी होती. क्रेट रस्त्यावर, टोमॅटोचा चिखल, बंधूंच्या कपाळाला खोक. समोरून त्या वेळी काही आले नाही, एवढेच आमचे नशीब.

गाडी ओढून आणल्यावर मिस्त्रींनी ती उघडली. त्या दिवशी जे पाहिले तेच या लेखाचे खरे कारण आहे. म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

ब्रेकच्या पेडलपासून चाकापर्यंत जोर पोचतो तो नळीतल्या ऑइलमधून. ऑइल दाबले जात नाही, म्हणून इकडे दाबले की तिकडे जोर येतो. ट्रॅक्टरची लिफ्ट याच न्यायाने चालते. परंतु त्या ऑइलमध्ये वाफ किंवा हवा शिरली तर ती दाबली जाते, आणि पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच संपतो. पाइपलाइनने हवा धरली की पंप चालू असून पाणी येत नाही, हा अनुभव आपल्यापैकी कुणाला नाही? तसेच हे.

आता वाफ कुठून आली? ब्रेक ऑइलला एक वाईट खोड असते. ते हवेतला ओलावा शोषून घेते. डब्यावर ‘डॉट 3’ किंवा ‘डॉट 4’ असे छापलेले असते. ताजे डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत. पण ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा अनुक्रमे 140 आणि 155 अंशांवर येऊ शकते. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकाकडची उष्णता एवढी चढायला वेळ लागत नाही. आमच्या गाडीतले ऑइल मिस्त्रींनी बाटलीत काढून दाखवले, अगदी काकवीसारखे काळे. बहुधा कित्येक वर्षांत बदललेच नव्हते. ते साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे लागते, वरून भर घालून भागत नाही. आणि टाकीच्या टोपणावर लिहिले असेल तेच घालावे. घाईत कुणी इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल घातले तर आतली रबरे फुगतात, मग मास्टर सिलेंडरपासून व्हील सिलेंडरपर्यंत सगळेच काढावे लागते.

पण एकट्या ऑइलचा हा गुन्हा नव्हता. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम काढला तर हबचे ऑइल सील गेलेले, आणि गिअर ऑइल झिरपून ब्रेकचे लायनर तुपात बुडवल्यासारखे झालेले. म्हणजे ते चाक ब्रेक धरतच नव्हते. हँडब्रेकही मागच्याच चाकांवर चालतो, तेव्हा तोही निम्मा गेला.

तिसरी गोष्ट आमच्या तर ध्यानातच आली नसती. आधीच्या मालकाने जादा माल बसावा म्हणून मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे घातले होते. गाडी घेताना दलालाने तेच कौतुकाने दाखवले होते, ‘‘पाटे वाढीव आहेत, दोन टन खुशाल टाका.’’ आम्हालाही तो फायदाच वाटला. आता यातली गोम ऐका. पुष्कळ पिकअप गाड्यांत मागच्या एक्सलपाशी एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे वजन ओळखणारा. गाडी रिकामी असली की मागचा भाग वर राहतो, तेव्हा तो मागच्या चाकांना ब्रेकचा जोर कमी देतो. नाहीतर हलकी चाके जाम होऊन गाडी घसरेल. माल भरला की हौदा खाली बसतो, एका दांडीने ते व्हॉल्व्हला कळते, आणि तो मागे पूर्ण जोर सोडतो. आमच्या गाडीत जादा पाट्यांमुळे माल भरूनही हौदा बसतच नव्हता. व्हॉल्व्हला वाटायचे गाडी रिकामीच आहे! टनभर माल मागे, आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा. सगळा भार पुढच्या दोन चाकांवर, तीच तापून निळी पडली, तिथलेच ऑइल उकळले.

पाटे वाढवले म्हणजे गाडीची ताकद वाढली, हा समज आपल्याकडे फार रूढ आहे. पाटे वाढवून फक्त गाडी बसायची थांबते. एक्सल तेच, बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकही तेच. उलट गाडी बसते ती आपल्याला सांगायला, की मालक, आता पुरे. तिची ती जीभच आपण छाटून टाकतो.

मग आम्ही वजनाचा हिशेब घातला. आपल्याला वजनकाटा काही नवा नाही. भरलेल्या ट्रॉलीतून रिकामीचे वजन वजा करून ऊस किती हे आपण वर्षानुवर्षे बघतो. आरसी बुकातही गाडीचे रिकामे वजन व भरलेल्या गाडीचे कमाल वजन अशी दोन्ही लिहिलेली असतात. आमच्या बुकात रिकामे 1,600 किलो, भरलेले 2,750. वजा केले की 1,150 किलो माल. आम्ही त्या दिवशी 1,200 च्या आसपास भरला होता, म्हणजे पन्नासच किलो जास्त, असे मनाचे समाधान करून घेत होतो. पुढे रिकामी गाडी काट्यावर घातली तर भरली 1,790! जादा पाटे, हौद्यावरचा लोखंडी सांगाडा, पुढचे गार्ड, हौद्यात अंथरलेला जाड पत्रा, हे सगळे मिळून 190 किलो. म्हणजे मालाला उरले फक्त 960 किलो, आणि आम्ही अडीच क्विंटल जास्त घेऊन घाट उतरत होतो. सभासदांनी जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात ती डिझेलची टाकी भरून रिकामी तोलून घ्यावी, आणि आलेला आकडा केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवावा. खर्च काट्याच्या पावतीपुरता.

दुरुस्तीत आम्ही जादा पाटे काढले, व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे लावून घेतली, चारही चाकांचे ब्रेकचे काम, दोन्ही हबची सीले, रबरी नळ्या व नवे ऑइल. मजुरीसह 14,600 रुपये. रंगाच्या निम्म्याहून थोडे जास्त.

उतरणीबद्दल मिस्त्रींनी बंधूंना जे सुनावले तेही लिहितो. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो घाट चढेल, त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. घाट लागायच्या आधीच गिअर घालायचा, मध्यावर नव्हे. मग इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतो. न्यूट्रलने डिझेल वाचते हे तितकेसे खरेही नाही, कारण गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पंप डिझेल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहते. काही जण तर उतरणीला चावीच बंद करतात. असे केले की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखे होते.

ब्रेकनंतर स्टिअरिंग. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड असेल तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट अथवा चाकाचे बेअरिंग गेलेले. डावे-उजवे धरून हलते तर टाय रॉडची टोके पाहावीत. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि गाडी घेण्याआधीच करता येते. मात्र जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये. जॅक हा उचलण्यासाठी असतो, टेकू देण्यासाठी नव्हे. स्टँड किंवा जाड लाकडाचे ओंडके लावावेत. वीट कधीही लावू नये, ती न सांगता फुटते.

टायर बघताना नुसती नक्षी बघू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 3219 असेल तर तो 2019 सालच्या 32 व्या आठवड्यात तयार झाला. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असूनही तडकतो. नक्षीच्या खाचांत बारीक उंचवटे दिलेले असतात, ते 1.6 मिलिमीटरचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. आमचे पुढचे दोन्ही बदलावे लागले, 12,400 रुपये.

दिव्यांचे एक सांगतो आणि पुढे जातो. हंगामात रात्री रस्त्यावर किती ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात हे आपण जाणतोच, त्यांतल्या काही आपल्याच असतात. तेव्हा जुन्या गाडीचे काळवंडलेले हेडलाइट बदलून घ्यावेत आणि हौद्यामागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावावी. हॉर्नच्या पाटीपेक्षा ती बरी.

इंजिनाबद्दल सगळेच बोलतात, म्हणून आम्ही थोडे बोलू. गाडी थंड असताना बघायला जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा यावे. काळा धूर असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टरचा दोष असू शकतो, तो आटोक्यातला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन चालू असता ऑइलचे टोपण काढले आणि तिथून जोराने धाप बाहेर येऊ लागली तर रिंगा गेल्या समजा, मग ती गाडी स्वस्त नाही. रेडिएटरचे पाणीही बघावे, पण थंड असतानाच. गरम गाडीचे टोपण उघडून तोंड भाजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. आमच्या रेडिएटरमध्ये बोअरचे खारे पाणी वर्षानुवर्षे ओतलेले होते. आतल्या बारीक नळ्यांवर क्षारांचा थर. कारखान्याच्या बॉयलरला आपण कुठलेही पाणी चालवतो का? गाडीलाही कूलंटच घालावे, आणि त्यात मिसळायचे पाणी शुद्ध केलेले असावे.

गंज मात्र नीट पाहावा. शेतकऱ्याच्या गाडीत खत सांडतेच. युरिया काय, पोटॅश काय, ओलावा मिळाला की लोखंड खातात. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये तर क्लोराईड असते. हौद्याच्या फळीखाली, पाट्यांचे टोक चेसीसला जिथे जोडलेले असते तिथे लहान हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रा सुटला तर सोडून द्यावी. चेसीसवर नवा काळा रंग चोपडलेला दिसला तर तिथेच जास्त ठोकावे. आम्ही आता खत उतरवले की त्याच दिवशी हौदा धुतो.

राहता राहिले कागद. इथेही आम्ही भोळेपणा केला होता. सातबाऱ्यावर जसा सोसायटीचा बोजा असतो, तसा आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असतो. हप्ते फिटले म्हणून तो आपोआप उतरत नाही. त्यासाठी ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 लागतो. हे काम विकणाऱ्याने आधी करून द्यावे, मगच पैसे. नावावर करून घेण्यासाठी फॉर्म 29 व 30. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा असा कायदा आहे. गाडी दुसऱ्या आरटीओकडची असेल तर ना-हरकतीची चौकशी आधीच करावी. चेसीस नंबर कागद ठेवून पेन्सिलने घासून घ्यावा आणि बुकाशी ताडून पाहावा. थकीत दंडाची ई-चलने, फिटनेस व विम्याची मुदत हे सारे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर दिसते. घरातल्या शिकत्या पोराला सांगितले तरी काढून देईल.

मालवाहू गाडीला फिटनेस सर्टिफिकेट लागते. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांचे मिळते, पुढे दरवर्षी. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे. 15 वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेसची फी 1 एप्रिल 2022 पासून बरीच वाढवली गेली, तेव्हा चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून हुरळून जाऊ नये. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी सुरक्षा नंबर पाटी बसवली आहे का तेही बघावे. परमिटचे म्हणाल तर भरलेले वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला ते लागत नाही. लायसन्सबद्दल गावात उगाच घोळ होता. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मिटवला आहे. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला माणूस एकूण साडेसात टनांपर्यंतची मालगाडी वेगळ्या शेऱ्याविना चालवू शकतो.

विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. आणि विम्याचेच एक मोठे कलम. आपल्याकडे खुरपणीच्या बाया, लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची माणसे सर्रास हौद्यात बसवतात. मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2002 सालीच झालेला आहे. म्हणजे काही विपरीत घडले तर भरपाई गाडीमालकाच्या मानेवर येते. शेतही जाऊ शकते. आमच्या दारात दर आठवड्याला कोणीतरी येते, ‘‘दादा, एवढ्या चार बाया फाट्यापर्यंत सोडा की.’’ नाही म्हणताना जीवावर येते, कारण त्या आपल्याच वस्तीवरच्या. तरीही आम्ही नाही म्हणतो. एक मावशी त्यावरून अजून आमच्याशी बोलत नाहीत.

ठिबक त्या वर्षी राहिले, ते पुढच्या बिलात केले. गाडी आता चालते आहे. चिपळूणची खेप महिन्यातून दोनदा होते, 900 किलोच्या वर माल घेत नाही, आणि हेळवाक सोडले की बंधू दुसरा गिअर घालून बसतात. मागचे लोक हॉर्न वाजवून दमतात. काढलेले चार पाटे आणि ब्रेक ऑइलची ती काळी बाटली आमच्या वस्तीवर शेडमध्ये ठेवलेली आहे. गाडी घ्यायला निघालेल्या सभासदांनी जाता जाता डोकावून बघून जावे. सकाळी धारा झाल्यावर आम्ही घरीच असतो.